जित्या माणसाचा वीर

"जित्या माणसाला वीर केलंस तू! चालत्याबोलत्या, जित्या माणसाला!"

"आजी, अहो कौतुकानं लिहिलंय ते. वीर म्हणजे शूर. सगळ्यांना संकटातनं सोडवणारा—"

"मला शिकवतीस व्हय वीर? माझ्या देव्हाऱ्यात हाय वीर. चांदीचा. दर धुळवडीला त्येला वाजत गाजत न्हिऊन आंगुळ घालतो आमी. तुझ्या घरात हाय का?"

"न्हाई."

"मग!"

"पण पुस्तकात वीर म्हणजे—"

"पुस्तकात काय बी आसंल. आमच्यात मेल्याबिगर कुनी वीर व्हत न्हाई."

हे चाललं होतं माले गावच्या अंगणवाडीत. एका बाजूला अंगणवाडीच्या सेविका नम्रताताई, दुसऱ्या बाजूला रंभाबाई. भिंतीपाशी मांडी घालून बसलेली पोरं आळीपाळीनं दोघींकडं बघत होती. अंगणवाडी बघायला बाहेरगावाहून आलेली मी दारातच उभी होते. एक चप्पल काढलेली, दुसरी पायात.

चुलीपाशी अनसूयामावशी खिचडी ढवळत होत्या. अंगणवाडीच्या मदतनीस. त्यांचा डाव पातेल्यातच थांबला.

"आसं व्हय?" त्या म्हणाल्या. "मी तर हीर समजले. पानीहीर. म्हनलं, गेणबाचा आन् हिरीचा काय संबंध? त्यो तर नळाचा मानूस."

कुणी हसलं नाही. रंभाबाईंनी हातातलं पुस्तक पुढं केलं. पुस्तक कसलं, आठ-दहा पानांचं रंगीत कॉमिक, पौडच्या झेरॉक्सवाल्याकडं छापून मधे पिना मारलेलं. त्यांनी ते थेट बोटांत धरलं नव्हतं, पदराच्या चिमटीत धरलं होतं. वर चित्रात गळ्याला टॉवेल बांधलेला एक म्हातारा, हातात लोखंडी चावी, पाय जमिनीपासून वीतभर वर. म्हाताऱ्याच्या डोक्यावर निळ्या रंगात मोठ्ठं नाव: पाणीवीर.

"परत घे," रंभाबाई म्हणाल्या. "ज्या ज्या घरात गेली आसंल, त्या त्या घरातनं परत घे समदी. धुळवड तोंडावर आलीया."

"आजी, पोरं रडतील हो."

"रडू दे. माझं घर रडन्यापरीस पोरं रडल्याली बरी." मग आवाज खाली उतरला. "आन् तुला म्हनून सांगतीया. त्यो मानूस बोलाया लागलाय."

"कोण?"

"कोन म्हंजी? म्हातारा! मी काय बी ईचारलं की जाब देतुया. नीट. शेवटपत्तुर."

"मग चांगलं आहे की, आजी."

"चांगलं?" रंभाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आगं, लगीन झाल्यापास्नं ह्या मानसानं मला एका गोष्टीचा सरळ जाब दिलेला न्हाई. आन् आता ईचारलं, च्या घेता का, तर म्हनतुया, घेतो, साखर जरा कमी टाक, तुझे गुडघे कसे हायेत? हे लक्षान बरं न्हाई, ताई. जायच्या आदी मानूस आसा ग्वाड व्हतो."

ह्या भीतीला हसायला मलाही जमलं नाही. कारण गेणबा टेमघऱ्यांना ओळखणारा कुणीही सांगेल, रंभाबाई म्हणत होत्या त्यात तिळाएवढंही खोटं नव्हतं.

गेणबा म्हणजे माल्याचा पाणी सोडणारा माणूस. ग्रामपंचायतीच्या टाकीचं पाणी कुठल्या आळीला कधी जायचं, ते त्यांच्या हातात. हातात म्हणजे खरोखरच हातात: कमरेएवढी उंच लोखंडी चावी, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्याच्या कडेचं झाकण उचलायचं, खड्ड्यात चावी घालायची आणि मूठ धरून पिळायची. पिळायच्या आधी ते मुठीला कान लावतात. खाली वाकून, डोळे मिटून. मग म्हणतात, "आली आली." माहेरवाशीण वेशीत दिसावी, तसं. गावातली सगळी बारकी पोरं खेळताना काठीला कान लावून "आली आली" करतात.

खांद्यावर टॉवेल. तो कधी पांढरा होता असं म्हणतात. चालणं सावकाश. आणि बोलणं जवळजवळ नाहीच. भांडण असो, सल्लामसलत असो, कुणी तोंडावर शिव्या देवो, गेणबांचं उत्तर एकच: टॉवेल खांद्यावर टाकायचा, चावी उचलायची आणि निघायचं. एकदा वरच्या आळीची एक बाई रिकामा हंडा घेऊन त्यांच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, आज तुमी बोलल्याबिगर हलायची न्हाई. गेणबा हंड्याला वळसा घालून गेले. थोड्या वेळानं तिच्या नळाला पाणी आलं. म्हटलं तर तेच उत्तर.

ही सवय पक्की कधी झाली, ते रंभाबाई सांगतात. सरपंचानं पहिल्यांदा ही चावी घरी आणून दिली त्या दिवशी. रंभाबाईंनी ती दारातनं आत येऊ दिली नव्हती. "पान्यानं ह्या घरातला एक नेला," त्या सरपंचाला म्हणाल्या होत्या, "आता दुसऱ्याला तुमी पान्यावर लावताय व्हय?" सरपंचानं चावी ओट्यावर ठेवली.  मग गेणबांनी ओट्यावरनं चावी उचलली आणि बायकोला काहीही न सांगता टाकीच्या वाटेला लागले.

पाण्यानं नेलेला तो एक म्हणजे कोंडिबा. गेणबांचा थोरला भाऊ. म्हशी धुवायला धरणाच्या पाण्यात उतरला आणि म्हशी तेवढ्या परत आल्या. लग्न व्हायचं होतं त्याचं. मग घरात कुणाकुणाला स्वप्नं पडायला लागली, तो भिजलेल्या अंगानं दारात उभा आहे, मला जागा द्या म्हणतोय. मोठ्या माणसांनी ठरवलं, पोरगा वीर झाला. सोनाराकडून टाक करून घेतला. टाक म्हणजे चांदीचा छोटासा पत्रा, देव्हाऱ्यात मावेल एवढा, त्यावर ठोकून काढलेला घोडेस्वार. तेव्हापासून दर धुळवडीला गेणबा डोक्याला फेटा बांधतात, टाक ताटात घेतात आणि हलगीच्या तालावर थोरल्या भावाला नदीवर घेऊन जातात. वर्षभर न बोलणारा माणूस त्या दिवशी नाचतो. गावाला दोन्ही गोष्टींची सवय आहे.

तर अशा घरात 'पाणीवीर' ह्या शब्दाचा अर्थ एकच होतो.

नम्रताताईंना तो कळणार कसा? त्या बौद्धवाड्यातल्या. त्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, टाक नाहीत, देव्हारा नाही. त्यांना वीर भेटला तो शाळेच्या पुस्तकात, छाती पुढं काढून उभा असलेला. एकाच गावात, दोन आळ्यांत, एकाच शब्दाची दोन माणसं राहत होती. इतकी वर्षं त्यांची गाठ पडली नव्हती, एवढंच.

आणि ते पुस्तक काढायची वेळ आली ती टॉवेलांमुळं. अंगणवाडीतली पोरं घरी मोबाइलवर उडणारे, भिंती फोडणारे हिरो बघायची आणि मागच्या बाजूला आयांच्या साडीच्या पिना लावून टॉवेल उडवत फिरायची. एकानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरनं उडी मारली आणि हनुवटी फोडून घेतली. "मी उडालो हुतो," तो टाके घालताना सांगत होता, "मधीच सपलं."

मोबाइल काढून घेणं काही ताईंच्या हातात नव्हतं. त्यांनी पोरांना विचारलं, "आपल्या गावात शक्ती कुणाकडं आहे रे?"

"पोकलेनवाल्याकडं!"

"आमच्या कुत्रीकडं. ती बिबट्यावर भुकली."

"माझ्या मम्मीकडं. ती पप्पांना मारती."

ताई हसू आवरत होत्या, तेवढ्यात क्षितिजा उठून उभी राहिली. गेणबांची नात, त्यांच्या मुलाची, प्रदीपची, मुलगी. "आबांकडं," ती म्हणाली. "आबा जमिनीत चावी घालत्यात आन् जमीन पानी देती."

ह्यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

मग ताई काढत गेल्या. त्यांची पद्धत अशी: एक चौकट काढायची, पोरांसमोर धरायची आणि विचारायचं, "मग?" पोरं जे सांगतील ती पुढची चौकट. त्यामुळं ह्या हिरोचे नियम सगळे पोरांनी ठरवलेत. तो फार उंच उडत नाही, कारण उंच गेलं की टॉवेल पडतो. तो कुणाला मारत नाही, कारण आबा मारत नाहीत. गावात ढेकऱ्या नावाचा राक्षस येतो. तो टाकी पितो, ओढा पितो, मांजराच्या वाटीतलंसुद्धा पितो आणि ढेकर देतो. ढेकर अख्ख्या पानभर आहे. मग हिरो येतो, ढेकऱ्याच्या पोटाला कान लावतो, म्हणतो "आली आली", त्याच्या बेंबीत चावी घालतो आणि पिळतो. भडाभडा भडाभडा भडाभडा. सगळं पाणी परत. शेवटच्या चौकटीत ढेकऱ्या वाळक्या वांग्यासारखा होऊन पडलाय आणि हिरो त्याला तांब्याभर पाणी देतोय. ही चौकट सगळ्यात लहान पोरीनं सांगितली. "त्याला आता तहान लागली असंल ना!"

ह्या सगळ्यात मोठ्या माणसाचा शब्द एकच. वरचा. नाव हवं म्हणून ताईंनी तो आपल्या मनानं घातला.

पुस्तक घरी गेलं त्या दिवशी सगळे जेवायला बसले होते. क्षितिजानं ते ताटाशेजारी उघडून ठेवलं. घोटावड्याच्या कंपनीतनं नुकताच आलेला प्रदीप हात धुवून बसला आणि वरचं नाव मोठ्यानं वाचता झाला, "पाणीवीर! आरं, हे तर आबा हायेत. आबा, तुमी पाणीवीर झालात की!"

गेणबांनी तोडलेला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी चावी भिंतीलाच. विचारलं तर म्हणाले, "मी काय आता पान्याजवळ जात न्हाई. तू जा, प्रदीप. सावकाश पीळ." प्रदीप गेला आणि त्यानं गाडीचा नट आवळल्यासारखी मूठ पिळली. खालच्या आळीत अंगणात तळी साठली, वरच्या आळीत नळांनी नुसतं फुस्स केलं. तो कंपनीत जायच्या आधीच बायकांनी त्याचा उद्धार केला. आणि गेणबा ओट्यावर बसून जाणाऱ्यायेणाऱ्याची विचारपूस करत राहिले.

हे सगळं रंभाबाईंनी अंगणवाडीत, खिचडी गार होईतो सांगितलं. नम्रताताईंनी पदर खोचला.

"चला आजी. मी बोलते आबांशी."

"तू काय बोलनार? त्योच बोलतुया आता."

मीही मागोमाग निघाले. इतक्यावर येऊन उठून जायचं म्हणजे नाटक मध्यंतरात सोडण्यासारखं होतं.

गेणबा खरोखरच ओट्यावर होते. टॉवेल खुंटीला. घडी घालून.  चावी भिंतीला टेकून उभी, शाळेत बाहेर काढलेल्या पोरासारखी.

"या ताई, या. बसा. उनाचं आलात. पानी देतो. ह्या कोन पाव्हन्या? बसा की. घरी बरं हाय ना समदं?"

"बघा!" रंभाबाईंनी माझा दंड धरला. "बघा, कसा बोलतुया!"

"आबा," नम्रताताई खाली पायरीवर बसल्या, "चूक माझी आहे. मला ठाऊक नव्हतं. वरचं पान आहे ना, ते सगळ्या पुस्तकांचं फाडून टाकते मी. आजच्या आज."

"फाडू नका. पोरांचं हाय त्ये."

"मग काय करू? तुम्ही म्हणाल ते."

गेणबांनी अंगठ्यानं ओट्याचा पोपडा उकरला. मग त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू, मुठीला कान लावताना करतात तसा.

"ताई, खरं सांगा. तुमाला कुनी सांगितलं का?"

"काय?"

"मला वीर करायचं. सपनात बिपनात कुनी आलं व्हतं का? भिजल्याल्या आंगानं?"

रंभाबाईंनी तोंडाला पदर लावला. आता कुठं मला कळलं की हा माणूस शब्दाला भ्यायला नव्हता. त्याला वाटत होतं, थोरल्या भावाचा निरोप आलाय. बोलावणं. आणि तो निमूट, सगळ्यांचं बरंवाईट विचारून, कुणाच्या मनात काही राहू नये अशा बेतानं जायची तयारी करत होता.

"न्हाई हो आबा," ताई म्हणाल्या. "सपनात कुणी आलं न्हाई. पोरांनी सांगितलं. सगळं पुस्तक पोरांनी सांगितलंय."

"हां." गेणबांनी मान हलवली. "पोरांनी. म्हंजी त्येच झालं. ल्हान लेकराच्या तोंडून द्येव बोलतुया."

 आपण घातली ती समजूत उलटी बसली, हे ताईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "पण तो शब्द— आबा, थांबा. क्षितिजा कुठाय? क्षिती! ए क्षिती!"

क्षितिजा त्या दिवशी अंगणवाडीत आली नव्हती. आजीनं पुस्तक काढून घेतलं म्हणून रुसून घरातच कणगीमागं बसली होती. ती आली, गाल फुगवून. ताईंनी रंभाबाईंच्या पदरातलं पुस्तक घेतलं आणि तिच्यापुढं धरलं.  त्यांनी हे नाव पोरांना एकदा, वाटताना, मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. पोरीनं ते ध्यानात ठेवलं असेल तर?

"क्षिती, हे वर काय लिहिलंय गं? वाच बघू आबांना."

"मी न्हाई वाचनार. आजीनं घेतलं माझं पुस्तक."

"देते. आजी देणार आहे. वाच."

क्षितिजानं आजीकडं बघितलं. रंभाबाईंना हो म्हणवेना, नाही म्हणवेना. पोरीनं पुस्तक मांडीवर घेतलं, नाक ओढलं आणि मोठ्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. पहिल्या अक्षरावर एकदा, दुसऱ्यावर एकदा, तिसऱ्यावर, चौथ्यावर. ठसक्यात.

"चा. वी. आ. बा."

गेणबा पुस्तकाकडं वाकले.

"परत वाच," गेणबा म्हणाले.

"चा. वी. आ. बा. चावीआबा! तुमाला येत न्हाई का वाचाया?"

"त्यो 'र' हाय ना गं शेवटी?" ओट्याच्या टोकाला पुढं सरकत गेणबांनी विचारलं. ते चौथी शिकलेले. "वी आन् र?"

"न्हाई. बा हाय. चावीआबातला बा."

तेवढ्यात रस्त्यावरनं कलकलाट आला. अनसूयामावशी खिचडी खाऊन झालेल्या पोरांना घरोघर सोडायला निघाल्या होत्या. एकमेकांची झबली धरून आगगाडी केलेली. गाडीचं इंजिन ओट्यासमोर थांबलं, त्यामुळं मागचे डबे एकमेकांवर आदळले.

"चावीआबा!" इंजिन ओरडलं. "आरं, चावीआबा घरीच हायेत!"

"चावीआबा, आली का? आली आली?"

"चावीआबा, ढेकऱ्या आमच्या आळीत आलाय! आमच्या नळाला फुस्स!"

"ए, चला रं फुडं," मावशी म्हणाल्या. मग ओट्यावरचे चेहरे बघून, "काय झालं? मिटलं का न्हाई हिरीचं?"

गेणबा पोरांकडं बघत होते. एकेकाच्या तोंडाकडं, ओठांकडं.

"ताई," ते म्हणाले, "म्हंजी वीर कुनी म्हनलंच न्हाई?"

"कुणी न्हाई, आबा. त्यांना वाचताच येत न्हाई. ते फक्त मोठ्यांनी वाचलं."

"प्रद्यानं वाचलं," रंभाबाई एकदम म्हणाल्या. "त्या मेल्यानं वाचलं. येऊ दे घरी." आणि त्या मटकन पायरीवर बसल्या, ताईंच्या शेजारी. हसत होत्या की रडत होत्या ते पदरामुळं कळत नव्हतं. थोड्या वेळानं पदरातनंच आवाज आला, "म्हनजी मी चार दिस साखर कमी घालून मरतीया ती उगाच."

गेणबांनी पुस्तक मागितलं. क्षितिजानं लगेच दिलं नाही. "तुमाला येत न्हाई. मी वाचते." मग ती वाचत गेली, म्हणजे बघत गेली आणि सांगत गेली, आणि गेणबा तिच्या डोक्यावरनं वाकून बघत राहिले. स्वतःला उडताना. स्वतःला राक्षसाच्या पोटाला कान लावताना. बेंबीत चावी गेली तिथं त्यांच्या घशातनं एक विचित्र आवाज आला. रंभाबाई दचकल्या. पण ते हसणं होतं, बऱ्याच दिवसांनी बाहेर निघालेलं, त्यामुळं जरा गंजलेलं.

"मी कदी उडलो गं?" त्यांनी नातीला विचारलं.

"पुस्तकात उडत्यात सगळी."

गेणबांनी मान वळवून आत बघितलं. देव्हारा ओट्यावरनं दिसतो. चांदीचा घोडेस्वार तिथं होता, लगाम ओढलेला, घोड्याचा एक पाय वर.

"दादा जल्मात घोड्यावर बसला न्हवता," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "म्हशीवर बसायचा. पर सोनारानं घोडा दिला." त्यांनी परत चित्राकडं बघितलं. "दादाला घोडा. मला टावेल."

"चांगला दिसतो टावेल," नम्रताताई म्हणाल्या.

"दिसतो."

नाव बदलायचं ठरलं. म्हणजे ठरवायला काही उरलंच नव्हतं. जुन्या नावावर नव्या नावाची पट्टी चिकटवायची. ताई डिंकाच्या बाटलीचा हिशेब करायला लागल्या, तर रंभाबाईंनी नाक मुरडलं. "डिंक कशाला? मी खळ शिजवून देते कणकेची. जल्मात निघनार न्हाई. तू आपली अक्षरं नीट काढ. चा, वी, आन् काय काय. आन् एक सांगतीया, ताई."

"काय, आजी?"

"आता कुनाचं बी नाव ठिवायचं आसंल, तर आदी मला येऊन ईचारायचं."

"विचारते."

"आन् मला तुमच्यात काय म्हनत्यात त्ये सांगायचं. म्हंजी मी बी कदी तुझ्या दारात येऊन वाकडं बोलायची न्हाई."

"आज बोललात तेवढं पुरेल, आजी."

दोघी हसल्या. अनसूयामावशींची आगगाडी पुढं निघाली. क्षितिजा मात्र आजोबांसमोर उभी राहिली, पुस्तक छातीशी धरून, भुवया एकत्र आणून. तिला एक गोष्ट पटत नव्हती.

"आबा, ढेकऱ्यानं तुमची चावी घेतली का?"

"न्हाई गं. ही काय हितं."

"टावेल फाटला का?"

"न्हाई."

"मग तुमी बसलाय कशाला?"

इतके दिवस प्रत्येकाला नीट, शेवटपर्यंत उत्तर देणारा तो माणूस काहीच बोलला नाही.  मग ओट्याला हात टेकून उठला.

रंभाबाईंची मान ताडकन वर आली.

"आवं? कुटं निघालात? ऊन कसलं हाय बघितलं का?"

गेणबांनी खुंटीवरचा टॉवेल काढला. झटकला. घडी मोडली.

"मी काय ईचारतीया? जेवन वाढू का आल्यावर खानार? आवं, प्रद्यानं सकाळी सोडलंय पानी, आता कुनाला सोडताय?"

टॉवेल खांद्यावर गेला. मग तिथं थांबला. गेणबांनी तो परत खाली घेतला, दोन्ही टोकं गळ्याखाली आणली आणि गाठ मारली. क्षितिजानं टाळ्या पिटल्या.

"आता गं बया! आसं बांधून जानार व्हय गावातनं? ह्या वयात? लोक काय म्हनतील? आवं, तोंड हाय का न्हाई तुमाला? काय तरी बोला की!"

रंभाबाईंचा आवाज चढत चालला होता, अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत जात होता, आणि असा सुटलेला, असा आनंदानं भांडणारा आवाज मी आजवर ऐकलेला नाही. गेणबांनी भिंतीची चावी उचलून खांद्यावर घेतली, पायऱ्या उतरले, वरच्या आळीच्या वाटेला लागले आणि एकदाही मागं न बघता, पाठीवर टॉवेल घेऊन, गोठ्याच्या कोपऱ्यावरनं वळून गेले.